मी काय करावे?

बायबल अभ्यास
वाचन : लूक ३:७–१४, प्रेषितांची कृत्ये २:३७–४७ आणि १६:१६–४०



या तिमाहीच्या अभ्यासासाठी एक प्रश्न घेतला आहे. तो माझा नाही. नव्या करारात वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या ठिकाणी तो विचारला आहे. यार्देनेच्या काठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला आधी लोकसमुदायाने विचारला, मग जकातदारांनी, मग शिपायांनी. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राचा उपदेश ऐकून ज्यांच्या मनाला टोचणी लागली त्यांनी विचारला. फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्याने मध्यरात्री थरथर कापत विचारला. आता मी काय करावे? आमच्या वाड्यांवर हा प्रश्न अधूनमधून कानी पडतो. शहरातल्या मंडळ्यांत मात्र मी तो फार क्वचित ऐकला आहे.

आश्चर्य असे की या सर्वांना एकच उत्तर मिळालेले नाही. योहानाने लोकांना सांगितले की ज्याच्याजवळ दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा, अन्नाचेही तसेच करावे. जकातदारांना सांगितले की ठरवून दिले आहे त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना सांगितले की कोणाला धाक दाखवून पैसे काढू नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात भागवा. पेत्राने पश्चात्ताप आणि बाप्तिस्मा सांगितला. आणि पौल व सीला यांनी त्या अधिकाऱ्याला एवढेच सांगितले की प्रभू येशूवर विश्वास ठेव. तिथे अंगरख्याचे नाव नाही आणि पगाराचेही नाही.

मग तारण हे देवाचे फुकट दान आहे, की त्यासाठी आपल्याला काही करावे लागते? आपल्यापैकी बहुतेकांनी संडे स्कूलमध्येच उत्तर पाठ केलेले असते : तारण देवाच्या कृपेने मिळते, आपल्या कमाईने नाही. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठवी आणि नववी ओवी त्यासाठी तोंडपाठ असते. दहावी ओवी, जिच्यात देवाने आपल्याला कशासाठी घडवले ते सांगितले आहे, ती पाठ असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. तिन्ही ओव्या एकत्र वाचा आणि मग माझ्याबरोबर फिलिप्पैला चला.

फिलिप्पैची रात्र

ही गोष्ट भूकंपापासून सांगायची आपली पद्धत आहे. मला ती एका मुलीपासून सांगाविशी वाटते. फिलिप्पै ही मासेदोनियातली रोमी वसाहत. त्या शहरात एक दासी होती. तिच्या अंगात भविष्य सांगणारा आत्मा होता आणि तिच्या बोलण्यावर तिचे धनी पैसा मिळवत. लूक धन्यांचा उल्लेख अनेकवचनात करतो. म्हणजे एका मुलीच्या जिवावर कित्येकांची कमाई चालली होती. पौलाने येशूच्या नावाने त्या आत्म्याला निघून जायला सांगितले आणि ती मोकळी झाली. धन्यांना काय दिसले? आपल्या मिळकतीची आशा गेली, एवढेच. मुलगी बरी झाली याची नोंद त्यांच्यापैकी कोणीच घेतली नाही.

मग त्यांनी पौल आणि सीला यांना धरून चौकात अधिकाऱ्यांपुढे ओढत नेले. आरोपात मिळकतीबद्दल अवाक्षर नाही. हे परके लोक आहेत, शहरात गडबड माजवतात, आपल्या रीतिरिवाजांच्या विरुद्ध शिकवतात, असा तो आरोप होता. मजुरांची बाजू घेऊन ज्यांनी कधी तहसील कचेरीची पायरी चढली असेल त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. दोघांचे कपडे फाडले, छड्यांचे फटके मारले आणि आतल्या कोठडीत टाकले. फटके बंदिशाळेच्या अधिकाऱ्याने मारले नव्हते. पण रक्ताळलेल्या अंगांना पाणी न लावता त्यांचे पाय खोड्यात अडकवले ते त्यानेच. आणि मग तो झोपला.

मध्यरात्री हे दोघे प्रार्थना करत आणि गीते गात होते, कैदी ऐकत होते. भूकंप झाला, दारे उघडली, बेड्या सुटल्या. अधिकारी जागा झाला आणि उघडी दारे पाहून त्याने तरवार उपसली. कैदी पळाले तर पहारेकऱ्याचा जीव जात असे. पेत्र हेरोदाच्या तुरुंगातून सुटला तेव्हा पहारेकऱ्यांचे काय झाले ते बाराव्या अध्यायात वाचायला मिळते. पौलाने ओरडून सांगितले की जिवाचे बरेवाईट करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत.

इथे जरा थांबू. कैदी पळालेले नाहीत. त्याची नोकरी वाचली आहे, मानही वाचली आहे. आता दारे पुन्हा लावून घ्यायची आणि सकाळी वरिष्ठांना कळवायचे, एवढेच उरले आहे. आणि नेमका आता तो आत धावतो, त्यांच्या पाया पडतो आणि माझे तारण होण्यासाठी मी काय करावे, असे विचारतो. धोका टळल्यावर विचारतो! म्हणून त्याच्या प्रश्नाचा अर्थ ‘मला या संकटातून काढा’ असा उरत नाही. ज्यांच्या जखमांकडे पाहिले नाही ते आपला जीव वाचवायला कोठडीत थांबून राहिले, हे त्याने नुकतेच अनुभवले होते. आपण कसे आहोत हे त्याला त्या दिव्याच्या उजेडात दिसले असावे.

मूळ ग्रीकमध्ये एक बारीक गोष्ट आहे, ती भाषांतरात सहसा निसटते. तो पौल आणि सीला यांना ‘कुरिऑय’ म्हणून हाक मारतो, म्हणजे ‘महाराज’ किंवा ‘धनीहो’. उत्तरात ते ज्या येशूवर विश्वास ठेवायला सांगतात त्याच्या नावाआधीही तोच शब्द आहे, एकवचनात : ‘कुरिऑस’, प्रभू. आम्ही तुझे धनी नव्हे. धनी तो आहे. ज्या गोष्टीची सुरुवात एका मुलीच्या अनेक धन्यांपासून झाली तिच्यात हा शब्द असा येतो. विश्वास म्हणजे काय हे समजावायला मला यापेक्षा सोपी वाट सापडलेली नाही. येशूविषयीच्या काही गोष्टी खऱ्या आहेत असे मान्य करणे हा त्याचा आरंभ असेल. पण ‘विश्वास ठेव’ याचा अर्थ आपला धनी बदल, त्याच्या हाती स्वतःला दे, असा होतो. आणि तो शब्द काही मंत्रासारखा म्हणायला सांगितलेला नव्हता. पुढच्याच ओवीत आहे की त्यांनी त्याला आणि त्याच्या घरातल्या सगळ्यांना प्रभूचे वचन सांगितले. म्हणजे त्या अवेळी बसून समजावले : येशू कोण, तो वधस्तंभावर का मेला, देवाने त्याला मरणातून कसे उठवले, आणि यात तुझे काय.

मग काय झाले? रात्रीच्या त्याच घटकेस त्याने त्यांना नेऊन त्यांच्या जखमा धुतल्या. लगेच त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा बाप्तिस्मा झाला. मग त्याने त्यांना घरात नेऊन जेवायला वाढले. जखमा धुवायला त्याला कोणी सांगितले नव्हते. क्रिसोस्तोम या प्राचीन उपदेशकाने फार पूर्वीच दाखवून दिले आहे की त्याने त्यांना धुतले आणि तोही धुतला गेला. जखमा धुतल्या म्हणून त्याचे तारण झाले का? नाही. तारण ऐकले, घेतले, आणि हात आपोआप पाण्याकडे गेले. ज्या अंगांवर त्याची बेपर्वाई उमटली होती त्याच अंगांकडे गेले, हेही पाहा.

उचल आणि दाखला

मी रायगड जिल्ह्यातल्या कातकरी वाड्यांवर काम करते. कातकरी समाजाची गणना सरकारने विशेष दुर्बल आदिम गटांत केली आहे. महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर ही तिसरी जमात. जमीन नाही किंवा नावापुरती. पावसाळ्यात हाताला काम नसते, घरात धान्य नसते, तेव्हा वीटभट्टीवाला उचल देतो. दिवाळीनंतर सगळे कुटुंब भट्टीवर जाते. पहाटेपासून माती कालवायची, विटा पाडायच्या. आठवड्याला खर्ची मिळते, ती मालकाच्या वहीत चढते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. वही मालकाची, अक्षर मालकाचे. बहुतेक वेळा उचल फिटलेली नसते, मग तेवढ्यासाठी पुढच्या हंगामाला पुन्हा यायचे.

देशात १९७६ सालापासून वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा आहे. त्या कायद्याने असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवली आहे. वेठबिगार म्हणून ओळख पटली की सरकारी अधिकारी त्या माणसाला मुक्तीचा दाखला देतो. हा दाखला हातात आलेला माणूस मी पाहिला आहे. त्याने तो कागद उलटसुलट करून बघितला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि विचारले, “मग शेठचे पैसे कधी द्यायचे?” द्यायचे नाहीत असे सांगितले तरी त्याला खरे वाटेना. त्याचा जन्म वहीत गेलेला.

पौल कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाताने लिहून दिलेल्या कर्जरोख्याविषयी बोलतो. आपल्याविरुद्ध असलेला तो रोखा देवाने खोडून टाकला, वधस्तंभाला खिळून टाकला, असे तो म्हणतो. शहरात मी हा उतारा शिकवते तेव्हा तो समजावून सांगावा लागतो. वाडीवर समजावावा लागत नाही. पेत्राने पापांची क्षमा सांगताना जो ग्रीक शब्द वापरला तो ‘अफेसिस’, म्हणजे सोडून देणे. नासरेथच्या सभास्थानात येशूने बंदिवानांची सुटका जाहीर केली (लूक ४:१८) तिथेही हाच शब्द आहे. क्षमा आणि सुटका या लूकच्या ग्रंथात दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

मात्र या दाखल्याला मर्यादा आहे आणि ती न सांगता पुढे जाणे बरे नाही. भट्टीवाल्याची वही खोटी असते. आमच्या पापाचा हिशेब खरा आहे. मी दुसऱ्याचे जे हिरावले, जे खोटे बोलले, जिथे मदत करता येत असून तोंड फिरवले, ते कोणी माझ्या नावावर उगाच चढवलेले नाही. आणि देव भट्टीवाला नाही. काही उपदेशक देवाला मुकादमासारखा रंगवतात, एक-एक वीट मोजणारा. ते ऐकले की मला आमच्या लोकांची काळजी वाटते, कारण मुकादम त्यांना आधीच माहीत आहे. शुभवर्तमान असे आहे की ज्याचे देणे होते त्यानेच ते स्वतःवर घेतले. मार्क १०:४५ मध्ये येशू आपला प्राण अनेकांसाठी खंडणी म्हणून द्यायला आल्याचे सांगतो. खंडणी दासाने भरायची नसते. ती भरून दासाला सोडवले जाते.

तरीही एक गोष्ट उरते. दाखला खरा आहे असे मानून माणसाने भट्टीवरून पाऊल उचलले पाहिजे. तो कागद पिशवीत ठेवून पुन्हा विटा पाडायला बसला तर कायद्यात काही उणे नाही, पण त्याची सुटका कागदावरच राहते. ते पाऊल उचलणे म्हणजे विश्वास. पाऊल उचलल्याने कर्ज फिटत नाही. कर्ज आधीच संपले आहे, म्हणून पाऊल उचलता येते.

एका संध्याकाळी अभ्यासवर्ग संपल्यावर एक म्हातारी मागे थांबली. रेशनकार्डात नाव घालायला पैसे, जातीच्या दाखल्यासाठी एजंटला पैसे, बचत गटात महिन्याला पैसे, हे तिला ठाऊक होते. तिने हळूच विचारले, “ताई, येशूकडे नाव घालायचं तर किती भरायचं?” मी काहीच नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले. फुकट मिळणाऱ्या वस्तूमागे काहीतरी असते, हे तिचे आयुष्यभराचे ज्ञान. पुढचे कित्येक महिने ती यायची, ऐकायची, निघून जायची. एवढ्या किमतीची वस्तू आपल्याला कोणी तशीच देईल हे पटायला माणसाला वेळ लागतो. देणगीदार मंडळी मला विचारतात, या तिमाहीत किती जणांचे तारण झाले? त्यांच्या मनात काही वाईट नसते. पण तो आकडा ठेवणारी वही माझ्याकडे नाही, आणि मी ती घालणारही नाही.

ताप आणि वळणे

आता योहानाच्या उत्तरांकडे परत येऊ. ‘पश्चात्ताप’ या आपल्या शब्दात ‘ताप’ आहे : मागाहून होणारी जळजळ. नव्या करारातला ‘मेतानोइया’ हा शब्द मन बदलण्याविषयी आहे, आणि जुन्या करारातले संदेष्टे त्यासाठी ‘शूब’ हे क्रियापद वापरतात, ज्याचा साधा अर्थ मागे वळणे. ताप होणे आणि वळणे यांत फरक आहे. यहूदा इस्कर्योताला ताप झाला होता. त्याने चांदीची तीस नाणी परत केली आणि निर्दोष माणसाला पकडून दिल्याचे कबूलही केले (मत्तय २७). मत्तयाने तिथे ‘मेतानोइया’ न वापरता नुसता खेद दर्शवणारा दुसरा शब्द वापरला आहे. यहूदा याजकांकडे गेला. येशूकडे वळला नाही. त्याच रात्री पेत्रानेही येशूला नाकारले होते. तो रडला, आणि पुढे तिबिर्याच्या किनाऱ्यावर येशू दिसताच त्याने पाण्यात उडी टाकली.

जक्कयाची गोष्ट याच्या शेजारी ठेवून वाचा. त्यानेही पैसे परत केले. पण येशू त्याच्या घरी उतरायला आला ते जक्कयाने काही परत करण्याच्या आधी. आपण होऊन कबुली देणाऱ्याने घेतलेले परत करताना पाचवा हिस्सा जास्त द्यावा असा नियम गणनाच्या पाचव्या अध्यायात आहे. मेंढरू चोरून कापले किंवा विकले तर चौपट, असा निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात. जक्कयाने स्वतःला मेंढरू चोरणाऱ्याचा नियम लावून घेतला. कोणी लावला नव्हता. आणि अर्धी मालमत्ता गरिबांना वेगळीच.

म्हणून योहानाच्या उत्तरांचा मेळ पौलाच्या उत्तराशी बसतो असे मला वाटते. योहान प्रत्येकाला त्याच्या धंद्याच्या जागी वळायला सांगतो. जकातदाराला उपवास सांगितला नाही, शिपायाला तीर्थयात्रा सांगितली नाही. जिथे तुझा हात दुसऱ्याच्या खिशात जातो तिथेच वळ. बंदिशाळेचा अधिकारी विश्वास ठेवताच नेमका तिथेच वळला. आज योहान आला आणि वीटभट्टीचा मालक, रेशन दुकानदार, कंत्राटदार, मास्तर, कचेरीतला कारकून असे सगळे त्याच्यापुढे रांगेत उभे राहिले, तर प्रत्येकाला काय सांगेल याचा अंदाज करणे अवघड नाही. दुसऱ्यांच्या बाबतीत तर मुळीच अवघड नाही! आणि संस्थेच्या कार्यकर्त्याला? दुसऱ्याच्या दारिद्र्याचे फोटो काढून स्वतःचे नाव करू नकोस, असे काहीसे सांगेल, असे मला हल्ली वाटते.

केडगावची साक्ष

हे सगळे वाडीवरच्या लोकांसाठी आहे असे आपण समजू नये, म्हणून पंडिता रमाबाईंकडे वळते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे झाला. संस्कृतच्या विदुषी, शास्त्रांचा गाढा अभ्यास, आणि ख्रिस्ती शिकवणही त्यांनी तशीच अभ्यासून स्वीकारली. पुढे १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. इतके सगळे झाल्यावर आपल्या साक्षीत त्या स्पष्ट लिहितात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर आणखी आठेक वर्षे लागली. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मकथन वाचून त्या अंतर्मुख झाल्या. हा हॅस्लम तर स्वतः दीक्षित पाळक असताना, स्वतःच व्यासपीठावर उपदेश करत असताना पालटला होता. पाळकांनी हे वाचून घाबरण्याचे कारण नाही. उलट आशा धरायला हरकत नाही.

आपण बहुतेक जण जन्माने ख्रिस्ती. बालपणी बाप्तिस्मा, मग दृढीकरण, नाताळला केक आणि नवे कपडे. रमाबाईंनी हा प्रश्न स्वतःला विचारला तेव्हा त्यांच्या नावापुढे ‘ख्रिस्ती’ लागून आठ वर्षे झाली होती. आपल्याला किती झाली?

ख्रिस्त सापडल्यावर रमाबाईंनी काय केले हे आपण जाणतो. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना तिथून शेकड्यांनी घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला जे घर उभे राहिले त्याचे नाव ‘मुक्ती’. तारणासाठी मराठीतला हा जुना, सर्वांना कळणारा शब्द त्यांनी घराच्या दारावर लावला, आणि आत भात शिजत होता. उतारवयात त्याच बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले, अडाणी बायांना कळावे म्हणून.

रमाबाईंना आठ वर्षे लागली, बंदिशाळेच्या अधिकाऱ्याला एक रात्र पुरली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० साली. एका घरातल्या दोघांना पाच वर्षांच्या अंतराने हे उत्तर देता आले. मला यातून एवढे कळते की घाई करणे हे आपले काम नव्हे, आणि टाळत राहणे हा आपला हक्क नव्हे. ज्याला आज स्पष्ट दिसले आहे त्याने उद्याची वाट का पाहावी?

दहांपैकी नऊ

शेवटी एक अवघड गोष्ट. आपल्या संस्थेचा दवाखाना, वर्ग, धान्यवाटप यांचा तारणाच्या संदेशाशी संबंध काय? काही देणगीदारांना वाटते की मदत घेतल्यावर लोकांनी विश्वास ठेवलाच पाहिजे. बाहेरचे काही लोक म्हणतात की मदत हे आमिष आहे. दोघांचीही गफलत एकच आहे.

लूक १७ मध्ये येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले. परत आला तो एक, आणि तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे, असे येशूने विचारले. त्यांचे न येणे त्याला लागले होते. पण त्या नऊ जणांचे बरे झालेले अंग त्याने परत घेतले नाही. त्यांच्या कातडीवर पुन्हा डाग उमटले असे लूक लिहीत नाही. म्हणून आमच्या दवाखान्यात गोळी देताना कोणाची प्रार्थना मोजली जात नाही, आणि प्रार्थनेला आले नाही म्हणून कोणाच्या पोराचे नाव वर्गातून काढले जात नाही. शोमरोनात शिमोन जादूगाराने पैसे देऊन पवित्र आत्म्याचे दान विकत घेऊ पाहिले तेव्हा पेत्राने त्याला किती कडक शब्दांत झिडकारले ते प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये आहे. जे दान विकत घेता येत नाही ते तांदळाच्या पिशवीवर विकताही येत नाही. परत येऊन पाया पडणारा तो एक जण आपल्या मनाने आला, म्हणून त्याच्या येण्याला किंमत आहे. येशू त्यालाच सांगतो की तुझ्या विश्वासाने तुझे तारण झाले आहे. तिथले क्रियापद ‘सोझो’. बरे करणे आणि तारणे, दोन्हींसाठी तोच शब्द. बरे दहाही जण झाले होते, पण हा शब्द येशूने त्या एकालाच उद्देशून वापरला.

आणि जो येतो त्याने आपल्यासारखे झाले पाहिजे अशी अटही आपण घालू नये. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमेच्या सभेने हाच वाद सोडवला : परराष्ट्रीयांनी ख्रिस्ताकडे येण्यासाठी आधी यहूदी व्हावे काय? नको, असे ठरले. कातकरी माणसाने ख्रिस्ताकडे येण्यासाठी आधी शहरी व्हावे, आपली बोली सोडून आमच्या चर्चची भाषा बोलावी, हे त्या सभेपुढे टिकले नसते. भुताखेतांचे भय, दारू, कर्ज काढून केलेले लग्न, यांतून त्याने बाहेर यावे असे मलाही मनापासून वाटते. पण त्याचे गाणे आणि त्याची रानाची ओळख देवाने दिलेली आहे. ती सोडायला सांगण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

गटात हा अभ्यास घेताना लूक ३ आधी मोठ्याने वाचावे. मग प्रत्येकाने शेजाऱ्याचा नव्हे, स्वतःचा धंदा किंवा नोकरी सांगावी आणि योहान आपल्याला काय म्हणेल ते एका वाक्यात सांगावे. त्यानंतरच प्रेषितांची कृत्ये १६ उघडावे. दोन बैठका लागतील. एकीत उरकू नये.

दिवाळीनंतर आमच्या भागातली कुटुंबे भट्ट्यांवर निघतील. जी मुले शाळेसाठी मागे राहतील त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू व्हावे, म्हाताऱ्यांना रेशन नीट मिळत राहावे, आणि यंदा ज्यांनी उचल न घेण्याचे ठरवले आहे त्या घरांना पावसापर्यंत काम मिळावे, यासाठी प्रार्थना करा. आणि ज्यांच्या ओळखीत भट्टीचे मालक असतील, मंडळीत शेजारी बसणारेही असतील, त्यांनी त्यांना हा अंक वाचायला द्यावा.